चॅनेल ६ निर्दोष सुटला

माझ्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायचं कोडं फुटलं, निदान बरंचसं. लक्षणं अशी: सिग्नल -५८ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका जोर जास्त), वाईट मुळीच नाही, तरी राउटरच्या डिस्कवर रात्रीचा बॅकअप सुरू झाला की आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) ढेपाळतं. १, ६, ११ तिन्ही चॅनेल फिरून झाले, चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झवरून २० वर आणली, फरक शून्य. शेजाऱ्यांची गर्दी म्हणावी, तर चॅनेल बदलल्यावर काहीतरी हललं असतं.

धागा मिळाला तो आयपर्फ उलटं चालवल्यावर. डाउनलोड जवळपास ठीक, मरत होता तो अपलोड! म्हणजे गोंगाट लॅपटॉपपाशी नाही, राउटरच्या कानाशी. मग राउटरच्या सर्व्हे डंपमध्ये (चॅनेलवरच्या मोजमापांची नोंद) नॉइज, म्हणजे गोंगाटाची पातळी, बघितली. एरवी -९५ च्या आसपास असणारा आकडा -७५ वर येऊन बसलेला. एसएनआर (सिग्नल आणि नॉइजमधलं अंतर) उरला १७. लॅपटॉपच्या स्टेशन डंपमध्ये (जोडणीची नोंद) टीएक्स रिट्राय (पुन्हा पुन्हा पाठवावी लागलेली पाकिटं) भराभर चढतायत आणि रेट एमसीएस (वायफायच्या वेगाच्या पायऱ्या) ७ वरून (७२.२ एमबीपीएस) पायरी-पायरीने एमसीएस ३ वर (२८.९) उतरतोय, हे डोळ्यांनी बघितलं. राउटरची यूएसबी ३ डिस्क अनमाउंट करून उपसली, नॉइजचा आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

इंटेलने २०१२ मध्येच हे लिहून ठेवलंय: यूएसबी ३ च्या ५ गिगाबिटच्या सिग्नलिंगचा गोंगाट २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या अख्ख्या पट्ट्यात पसरतो. फिल्टर लावून उपयोग नाही, कारण तो आपल्याच बँडमध्ये असतो. चॅनेल बदलून काय होणार होतं?

डिस्क लांब केबलवर अँटेनापासून दूर नेली, नॉइज -८८ पर्यंत उतरला. बाकीचा बहुधा पोर्टातूनच गळतोय. आणि हो, नुसतं 'शील्डेड' छापलेल्या केबलवर विश्वास ठेवू नका. दोन्ही टोकांच्या धातूच्या कवचांना मल्टिमीटर लावा; कंटिन्युइटी (दोन टोकांमध्ये सलग विद्युत जोडणी) नसेल तर आतली फॉइल नुसती शोभेची. माझ्याकडच्या एका महागड्या केबलमध्ये ती नव्हती, साध्या काळ्या केबलमध्ये होती.

पुढचा बेत पोर्टाभोवती तांब्याची टेप गुंडाळण्याचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचलं, डिस्क यूएसबी २ च्या केबलवर लावली तर? ५ गिगाबिटचं सिग्नलिंगच नाही, म्हणजे हा गोंगाटही नाही. ४८० मेगाबिट वायफायवाल्यांना भरपूर झाले. रडेल तो फक्त गिगाबिट लॅनवरचा बॅकअप. तो रात्री झोपेत होतो, लांबला तर लांबला. टेप राहू दे, आज आधी हेच.