फेस नाही, पण काम आहे : आमची वाटचाल

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये आलात तर मागच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीवर एक पिवळसर रेघ दिसेल. शेडला दोनदा रंग मारला, पण ती रेघ मी मुद्दाम ठेवली. तिथपर्यंत फेस आला होता.

मी आणि माझा तेव्हाचा भागीदार, दोघंही नागपूरच्या एलआयटी या तंत्रशिक्षण संस्थेचे. डोक्यात सर्फॅक्टिनचं खूळ. म्हणजे जिवाणूने बनवलेलं, साबणासारखं काम करणारं द्रव्य. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू ते बनवतो, 1968 साली जपानमध्ये सापडलं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याला थेंबासारखं गोळा धरून ठेवणारा ताण, मीटरला 72 मिलिन्यूटनवरून 27 वर आणतं, तेही लिटरला चिमूटभर टाकून. एवढं वाचलं की कोणालाही वाटेल, आता एसएलईएसचे, म्हणजे शाम्पू-साबणात फेसासाठी घालतात त्या रसायनाचे दिवस भरले. पण ज्याचा धर्मच फेस करणं, त्याच्यात तुम्ही खालून स्पार्जरने, म्हणजे भोकाभोकांच्या नळीने चोवीस तास हवा सोडणार आहात, हे आम्हाला उशिरा उमगलं.

बंद पडलेल्या एका औषध कारखान्यातून 500 लिटरचा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची टाकी आणली होती. भांडं उत्तम, ढवळणारा इंपेलर उत्तम, हवा बाहेर जायची एक्झॉस्ट लाइन मात्र करंगळीएवढी. रात्री दोनला चौकीदाराचा फोन, "साहेब, टाकी उतू चालली जी!" गाडीने पोचेपर्यंत फेसाने एक्झॉस्ट फिल्टर भिजून बंद पडला होता, आत दाब चढत होता, झाकणाचं गॅस्केट फाटलेलं. फेस मारणारा सिलिकॉनचा अँटिफोम ओततोय, तो ओतला की ऑक्सिजन उतरतोय. सकाळपर्यंत सगळा माल जमिनीवर. गंमत बघा, सर्फॅक्टिन फेसातच गोळा होतं. म्हणजे आमचा नफा आम्ही खराट्याने गटारात लोटला.

अशा तीन बॅच गेल्या. चौथीत भलताच जिवाणू शिरला. बँकेचे हप्ते थकले, नागपूरच्या बेसा भागातला प्लॉट विकला. (आज तिथला भाव मला सांगू नका.) त्याच महिन्यात भागीदार म्हणाला, "फेस विकायचा तर बनवायचा कशाला? ड्रममध्ये मिळतो." आणि गेला. दोन गल्ल्या सोडून त्याने एसएलईएसमध्ये रंग, वास आणि मीठ घालून जाड केलेलं 'जैविक' द्रावण विकायला सुरुवात केली. डब्यावर हिरवं पान. डीलरांची यादी माझ्याच वहीतली.

मी जिवाणू सोडला आणि यीस्ट धरलं. स्टार्मेरेला बॉम्बिकोला. हे सोफोरोलिपिड बनवतं, तेही साबणासारखंच काम करतं, पण फेस बेताचाच. र्‍हॅम्नोलिपिडही करता आलं असतं, तेही असंच द्रव्य, पण ते देणारा सुडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू माणसाला संसर्ग करू शकतो. कामगार आणि शेतकरी हाताळणार त्या मालासाठी मला तो शेडमध्ये नको होता. यीस्टला ग्लुकोज आणि तेल दोन्ही लागतं, आणि सोयाबीन तेलाला विदर्भात काय तोटा? नायट्रोजन संपला की त्याची वाढ थांबते आणि माल पडायला लागतो. पीएच साडेतीनवर ठेवला की बहुतेक जिवाणू जवळ फिरकत नाहीत. हवा आणि ढवळणं बंद करून टाकी कोमट ठेवली की सोफोरोलिपिड आपोआप तळाला बसतं. खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, तपकिरी, मधासारखी जाड धार येते. पहिल्यांदा ती धार बघताना मी बादलीसमोर उकिडवा बसून राहिलो होतो.

यीस्टला 25 ते 30 अंश हवेत आणि आपल्याकडे मे महिन्यात 45. टाकी गार ठेवणाऱ्या चिलरने एकदा दगा दिला, एक बॅच शिजली. असो.

माल झाला, पण घेईना कोणी. गॅरेजवाले म्हणायचे, "फेसच नाही येऊन राहिला. साबण आहे का पाणी?" फेस आणि सफाईचा संबंध नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल! डीलर बादलीत हात फिरवून बघायचा, फेस नाही दिसला की डबा परत. शेजारच्या डब्याला मात्र बादलीभर फेस.

काटोलचे काका नसते तर हा लेख नसता. त्यांची संत्र्याची बाग. मृग बहाराला कोळशी, म्हणजे काळी बुरशी आली होती, फवारणीचं पाणी पानावर मोत्यासारखं गोळा होऊन खाली पडायचं. संत्र्याच्या पानावर मेण असतं, पाणी बसतच नाही. मी त्यांच्या पंपातलं पाणी घेतलं, आमचे दोन थेंब मिसळले आणि ड्रॉपरने पानावर एक थेंब सोडला. थेंब क्षणभर उभा राहिला, मग बसला, मग पानाच्या शिरेपर्यंत पसरत गेला. काकांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा टाक बरं." पुन्हा टाकला. "आता मले पाच लिटर दे, पैसे बहार तुटल्यावर." पैसे त्यांनी बहार तुटायच्या आधीच दिले. पुढे आसपासच्या बागांमध्ये त्यांनीच नेलं. स्वतःच्या खर्चाने ड्रॉपर विकत घेऊन.

त्यानंतरची सहा वर्षं ठीक गेली.

शेतकऱ्यांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. स्टिकर, म्हणजे फवारा पानावर बसवणारं द्रावण, घेताना फेस बघू नका, पान बघा. आपल्याच बागेचं पान, आपलंच पाणी. आणि धंद्यात येणाऱ्या पोरांनो, जुना फर्मेंटर घेताना भांडं नंतर ठोकून बघा, आधी एक्झॉस्टचा व्यास मोजा.

ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी आमच्या लॅबमध्ये एक परीक्षानळी कायम तयार असते. नमुन्यात थोडं आम्ल, मिथिलीन ब्ल्यू आणि क्लोरोफॉर्म घालून हलवायचं. एसएलईएस असेल तर निळा रंग ओढून खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये नेतं. आमच्या मालात खालचा थर जवळजवळ बिनरंगी राहतो. त्या हिरव्या पानाच्या डब्याची नळी काय दाखवते, ते येऊन बघा.

2024 मध्ये इव्होनिक या जर्मन रसायन कंपनीने स्लोव्हाकियात र्‍हॅम्नोलिपिडचा मोठा कारखाना सुरू केला, तेव्हापासून 'बायोसर्फॅक्टंट' (सजीवांनी बनवलेलं असं द्रव्य) हा शब्द डीलरांच्याही तोंडी आला. मागच्या महिन्यात जुन्या भागीदाराचा फोन आला. इतक्या वर्षांनी आवाज तसाच. त्याला आमचा माल हवा होता, महिन्याला वीस लिटर. तो महिन्याला किती हजार लिटर विकतो, मला माहीत आहे. मी तिप्पट भाव सांगितला. "कळवतो," म्हणाला.