सुताराची चिठ्ठी

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ आमचं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, सातबारा यांचं इंग्रजी करायचं, सही-शिक्का करून द्यायचं, दिवसभर हेच. गेल्या जूनमध्ये एक तरुण व्हिसासाठी जन्मदाखला घेऊन आला. काम झालं, पैसे दिले, तरी उठेना. मग फायलीच्या तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून म्हणाला, "मॅडम, याचं उलटं कराल? इंग्रजीचं मराठी?"

कागद 1841 चा, घड्यांवर विरलेला. नगरकडच्या एका पाद्र्यानं त्याच्या सुतार पूर्वजाला दिलेली चिठ्ठी. साहेबाकडं काम केलेली माणसं असे कागद जिवापाड जपत, कारण पुढचं काम त्यावर मिळे. आपल्याकडची 'चिठ्ठी' इंग्रजीत 'चिट' होऊन बसली ती अशाच व्यवहारातून.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं मराठी होतं: 'हा इसम लबाड कारागीर आहे. बोलणे खरे. जागा भाड्याने न घेता काम केले.' घरातल्या कुणा शिकलेल्यानं केव्हातरी लिहिलेलं.

"आजोबा हा कागद कुणाला दाखवत नसत," तो म्हणाला. "पण टाकूनही दिला नाही."

मी कागद उलटला. पहिलाच शब्द 'कनिंग'. आजच्या कुठल्याही शब्दकोशात बघा, धूर्त, कावेबाज असंच मिळेल. पण हात पाद्र्याचा होता, आणि त्याच्या कानात 1611 सालच्या बायबलचं इंग्रजी घुमत असणार. त्यात देवाच्या निवासमंडपाचं काम करणारा 'कनिंग वर्कमन' असतो. स्तोत्र 137 मध्ये बंदिवान म्हणतो, यरुशलेमा, तुला मी विसरलो तर माझा उजवा हात त्याचं 'कनिंग' विसरो. म्हणजे कसब. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'जाणणे' या क्रियापदाचा; आजचं 'कॅन' हे त्याचंच भावंड. ज्याला येतं तो कनिंग. पुढं ज्याला जास्त येतं त्याच्याविषयी लोकांना संशय येऊ लागला आणि शब्द काळवंडला. 'क्राफ्ट' म्हणजे कसब, त्यावरून आलेल्या 'क्राफ्टी'चंही तेच झालं, आज तो धूर्त. आपण तरी काय केलं? तालमीतला वस्ताद म्हणजे गुरू, आणि "तो मोठा वस्ताद आहे, जपून" म्हणजे?

हे सांगताना त्याचा चेहरा मी पाहत होते. तो काही बोलला नाही. खुर्ची मात्र पुढं ओढली.

पुढं 'ऑनेस्ट कॉन्व्हर्सेशन'. पेन्सिलवाल्यानं 'बोलणे खरे' केलं होतं, कुणीही तेच करील. पण त्या बायबलमध्ये 'कॉन्व्हर्सेशन' म्हणजे वागणूक, चालचलन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लोकांत राहणं, वावरणं. बोलण्यापुरता तो नंतर आकसला.

शेवटच्या ओळीशी मीही अडखळले. 'विदाउट लेट'. 'लेट'चा आज एक अर्थ भाड्यानं देणं, पेन्सिलवाल्यानं तोच धरला होता. इथं भाडं नव्हे हे कळत होतं, तरी नेमका मराठी शब्द सुचेना. तेवढ्यात टेबलावरचा त्याचा पासपोर्ट दिसला. "उघडा जरा," म्हटलं. आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावानं विनंती छापलेली असते. वाहकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' जाऊ द्यावं. तिथलंच हिंदी त्यानं मोठ्यानं वाचलं: "बिना रोक-टोक." इंग्रजीत पूर्वी दोन वेगळी क्रियापदं होती, एक होऊ देण्याचं, एक अडवण्याचं. उच्चार झिजून दोन्ही 'लेट' झाली. अडवणारं मेलं, ते अशा ठरावीक वाक्यांत तेवढं उरलं.

मग मी मराठी लिहिलं: 'हा कसबी कारागीर असून याची वागणूक सचोटीची आहे. हाती घेतलेले काम याने कुठेही न अडता पुरे केले.'

त्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "मागचं खोडून हे तिथंच लिहाल?" मी नाही म्हटलं. जुन्या कागदावर हात चालवू नये, आणि ज्यानं ते लिहिलं त्यानं जेवढं माहीत होतं तेवढं इमानानं लिहिलं होतं. वेगळ्या कागदावर दिलं.

हे कुठल्या कचेरीत दाखल करायचं नव्हतं, तरी तो थांबला. "मॅडम, शिक्का?"

मी शिक्का मारला, खाली सही केली, तारीख घातली.