फुकटच्या मदतीचाही बाजारभाव

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील नदीकाठच्या एका लहान शहरात, पालिकेच्या इमारत परवाना विभागात मी प्रशासक म्हणून काम करतो. आपल्या नगररचना विभागाच्या खिडकीसमोर ज्यांनी फाइल घेऊन ताटकळत तास काढले आहेत, त्यांना या कामाचे स्वरूप वेगळे सांगायला नको. यंदाच्या पुरानंतर मात्र एका निवृत्त गृहस्थांना घरदुरुस्तीचा परवाना नाकारणाऱ्या पत्रावर मला सही करावी लागली आणि तेव्हापासून माझे गाव कोल्हापूर डोक्यातून जात नाही.

येथील केंद्र सरकारची पूरविमा योजना 1968 सालची आहे. शहराने पूरक्षेत्राचे नियम पाळले, तरच तेथील रहिवाशांना या योजनेतून विमा मिळतो. त्यांतला एक नियम असा, की घर पूर्ववत करण्याचा खर्च, जमीन वगळून केवळ बांधकामाच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा त्याहून अधिक होत असेल, तर त्या घराला नव्या बांधकामाचे निकष लागू होतात. म्हणजे तळघरासह घराची सर्वांत खालची फरशी, कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असलेल्या पुराच्या पातळीपर्यंत तरी उचलावी लागते.

त्या गृहस्थांचे म्हणणे साधे होते. मुलगा सुतार आहे, चर्चमधली माणसे हाताखाली येणार आहेत, लाकूड ओळखीचा दुकानदार फुकट देणार आहे. मग खर्च निम्म्यावर जाईलच कसा? नियमाचे उत्तर असे, की फुकट मिळालेले श्रम आणि साहित्यही बाजारभावानेच मोजायचे. मुलाची मजुरी, चर्चमधल्या माणसांचे श्रम, दान आलेल्या फळ्या, सगळ्यांची किंमत लावून मी बेरीज केली आणि ती निम्म्याच्या पुढे गेली. मोजणीमागचे कारण मला समजते. हिशोबातून श्रमदान वगळले, तर प्रत्येक दुरुस्ती कागदावर स्वस्त होईल आणि घर पुढच्या पुरात तेथेच बुडेल. तरीही ती बेरीज करताना मला आपल्या तालमींची पोरे आठवत राहिली. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती आणि पाणी ओसरल्यावर शुक्रवार पेठेत, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत त्यांनी घरेच्या घरे धुऊन काढली होती. त्यांच्या फावड्याचा दर लावायला एखादा अधिकारी आला असता, तर त्याचे काय झाले असते, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

फोनवर दादाला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "घर त्याचं, पोरगा त्याचा, मग तू कोण अडवणारा?" मी त्याला पूररेषांचे नियम ऐकवले. आपल्याकडे नियमच नाहीत, असे येथे कोणी म्हटले की मला राग येतो. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकडच्या निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि ही निळी रेषा व तिच्यापलीकडची, मोठ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे, तर लाल रेषेच्या पातळीहून 45 सेंटिमीटर उंच बांधावे लागते. कागदावर आपण कोठेही मागे नाही. फरक एवढाच, की आपला नियम नव्या बांधकामाला अडवतो. साध्या डागडुजीला परवानगीच लागत नसल्यामुळे जुने घर त्याच जोत्यावर पुन्हा उभे राहते आणि 2021 मध्ये पाणी पुन्हा त्याच गल्ल्यांत शिरते. हे मला खटकते, पण पेठेत भिंतीला भिंत लागून असते; येथे लाकडी घर सुटे असल्यामुळे ते जॅक लावून उचलता येते, तसे पेठेतले एकच घर उचलायचे कसे, याचे उत्तर माझ्याकडेही नाही. शिवाय येथे पूरविमा असलेल्याला घर नियमात बसवण्यासाठी 30,000 डॉलरपर्यंत वेगळी रक्कम मिळू शकते. आपल्या पेठेत पूरविमा काढलेली घरे शोधावीच लागतील.

या गृहस्थांनी विम्याचे हप्ते परवडेनात म्हणून पॉलिसी बंद केली होती, त्यामुळे तोही मार्ग नव्हता. बांधकामाचा बाजारभाव मी करआकारणीच्या नोंदीवरून धरला होता; त्याऐवजी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल आणता येतो, हे मी पत्रातच स्पष्ट लिहिले आणि ते लिहिणे माझ्या कामातच बसते, असे माझे मत आहे. त्यांनी मूल्यांकनकार नेमला आहे. किंमत पुरेशी वाढून आली, तर मी त्याच दिवशी परवाना देईन. न आल्यास घर उचलावे लागेल.