पहिला वाडगा ताईंनी मधून कापला

पुण्यात पॉटरीचा बिगिनर्स क्लास लावला होता मी, आठ शनिवार, सकाळी दहा ते साडेबारा. जुलैमध्ये सुरू केला, क्लास संपला, भट्टीतून शेवटच्या वस्तूपण आल्या हातात. बऱ्याच मैत्रिणी विचारतायत लावू का म्हणून, त्यामुळे एकदाच सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी चाकाला हातच लावू दिला नाही, फक्त माती मळायची. मला वाटलं रोज कणीक मळतो आपण, हे जमेलच. पण कणीक आपण ओढून दुमडतो, माती तशी दुमडली की आत हवा अडकते. म्हणून ती तळहाताच्या मुळाने पुढे दाबत, थोडीशी फिरवत मळायची, नीट जमलं की गोळ्याला शंखासारखा पीळ दिसायला लागतो. ताईंनी (आमच्या टीचर, सगळे ताईच म्हणतात) माझा गोळा तारेने कापला आणि आतली बारीक भोकं दाखवली. परत मळ. असं तीनदा झालं.

मग पुढच्या शनिवारी चाक. आमचं इलेक्ट्रिक होतं, पायाने पेडल दाबायचं. अर्धा किलोचा गोळा मध्यावर आणायचा, त्याला सेंटरिंग म्हणतात, आणि खरं सांगते सगळी पॉटरी इथेच अडते. गोळा जरासा जरी बाजूला असेल तर प्रत्येक फेरीला तळहाताला धक्का बसतो, आणि आपण त्या धक्क्याबरोबर हात हलवतो, मग माती अजूनच डुगडुगते. ताई म्हणाल्या, "अगं मनगटात जोर नको लावूस, कोपर मांडीवर टेकव घट्ट आणि हात तिथेच ठेव." दोन शनिवार गेले यात. पण एकदा कधीतरी अचानक तो धक्का थांबला, हाताखाली माती फिरतीये की नाही हेच कळेना इतकं शांत, ओला गुळगुळीत गोळा आणि पाण्याचा आवाज फक्त. मी दोन मिनिटं काही केलंच नाही, तशीच हात ठेवून बसले.

चौथ्या शनिवारी पहिला वाडगा उभा राहिला. फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. आणि ताईंनी तार घेतली आणि उभा कापला मधोमध!! मला रडू यायचं बाकी होतं. पण त्यांनी ते दोन अर्धे फळीवर ठेवून दाखवलं, बुडाशी बोटभर जाड, मधे एकदम पातळ, काठाला परत जाड. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं, वाडगा छानच दिसत होता. त्यानंतर मीच माझे पुढचे तीन कापले, कोणी न सांगता, आणि चौथ्याची भिंत खालपासून वरपर्यंत एकसारखी निघाली. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्याच दिवशी वस्तू घरी न्यायची घाई असेल तर शिकणं होत नाही. सुरुवातीच्या वस्तू कापायच्याच.

वाळवणं हा वेगळाच विषय आहे, पावसाळ्यात तर आठवडा आठवडा लागतो. वस्तू गालाला लावून बघायची, गार लागली म्हणजे आत अजून ओल आहे. आमच्यातल्या एकीचा चहाचा मग भट्टीत फुटला, तुकडे झाले, बिचारी फार हळहळली. बूड जाड होतं, वरून वाळलेलं वाटलं पण आतल्या ओलीची वाफ झाली आणि बाहेर पडायला वाट नाही मिळाली. सगळे म्हणतात हवेच्या बुडबुड्याने फुटतं, बहुतेक वेळा खरं कारण ओल असते.

पहिली भाजणी हजार अंशाच्या आसपास, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून परत बाराशेच्या वर. बुडाचं ग्लेझ स्पंजने पुसून घ्यायचं, नाहीतर वस्तू भट्टीच्या फळीला चिकटून बसते. कोबाल्टचं ग्लेझ लावताना फिकट गुलाबीसर दिसतं आणि बाहेर येतं गडद निळं. आणि वस्तू आक्रसते, आमची माती साधारण दहा-बारा टक्के, त्यामुळे मोठा म्हणून केलेला माझा मग बेताचा झाला, पण आता रोजचा चहा त्यातच.

पहिल्या भाजणीनंतर ताई प्रत्येक वस्तू बोटाच्या पेराने वाजवून बघायच्या, टण्ण वाजली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. मला लगेच गोरोबाकाकांची गोष्ट आठवली, थापटण्याने संतांची डोकी तपासायची, कच्चं कोण पक्कं कोण. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण वाजवून तपासायचं म्हणजे नक्की काय ऐकायचं ते आत्ता कळलं.

परवा दिवाळीच्या पणत्या आणायला कुंभारवेशीला गेले. दरवर्षी पटापट दोन डझन उचलते, या वेळी एकेक उलटी करून बघत बसले. साच्यातल्या पणत्यांचं बूड सपाट असतं. एका टोपलीत मात्र बुडाला शिंपल्यासारख्या बारीक गोल रेषा दिसल्या, फिरत्या चाकावरून दोऱ्याने कापल्याची खूण, आमच्या तारेची उमटते तशीच.

"मावशी, या चाकावरच्या ना?"

"चाकावरच्याच की. कसं वळखलं?"

मी पणती उलटी करून बूड दाखवलं. त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली, म्हणाल्या, "घ्या मग निवडून." आतून बोट फिरवलं तर इवलीशी भिंत सगळीकडे सारखी, तीसच्या तीस पणत्यांना.