खडूच्या उतारावरची पतंगरात्र

इंग्लंडमधल्या वास्तव्यात आमच्या निसर्ग मंडळाचे इतर कार्यक्रम कधीमधी चुकले, पण जुलैतली पतंगरात्र, म्हणजे दिव्यावर येणारे पतंग कीटक पाहण्या-मोजण्याची रात्र, मी कधी चुकवली नाही. सरे परगण्यातल्या नॉर्थ डाउन्स टेकड्यांच्या एका खडूच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, उतारावर मंडळी जमत, आणि सूर्य मावळायलाच नऊ वाजून जात असल्याने दिवा लावण्यापूर्वी डबे उघडून गप्पांना भरपूर वेळ मिळे. खडूवरची माती पातळ आणि निकस असल्यामुळे कोणतेही एकच गवत तिथे माजत नाही, आणि चौरस मीटरभर जागेत ३०-४० जातींच्या वनस्पती दाटीने नांदतात. अळ्यांची एवढी सोय असल्यावर पतंगांना काय तोटा! मेंढ्या आणि ससे चरले नाहीत तर हे उतार झुडपांखाली जातात, १९५० च्या दशकात रोगाने ससे मेले तेव्हा तसेच झाले, ही हकीकत ज्येष्ठ सदस्य दरवर्षी सांगत आणि आम्ही ती दरवर्षी ऐकत असू.

अंधार पडला की पाऱ्याच्या वाफेचा १२५ वॅटचा दिवा पेटे. त्याच्याभोवती घिरट्या घालणारे पतंग नरसाळ्यातून खालच्या पेटीत पडत आणि अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमधल्या खळग्यांत निमूट बसत. शिवाय पतंगांना भुलवायला काकवी, साखर आणि बिअर एकत्र उकळून त्यात रम घातलेले मिश्रण कुंपणाच्या खांबांना फासत. त्यातली निम्मी रम खांबापर्यंत पोहोचत नसावी, असा माझा संशय आहे. गुलाबी-हिरवट एलिफंट हॉकमॉथ आला की मुले ओरडत. जाणकार मात्र चुनखडीच्या गवताळ जागांबाहेर क्वचितच दिसणाऱ्या राखाडी चॉक कार्पेट पतंगाची वाट पाहत, आणि मला आवडे तो बर्चची मोडकी काडी वाटावा असा बफ-टिप.

पहाटेच्या मोजणीत लार्ज यलो अंडरविंगचा नुसता सुळसुळाट असे आणि सगळे कंटाळत, पण नोंदवही सांभाळणाऱ्या बाई एकही सोडू देत नसत. दक्षिण ब्रिटनमध्ये १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची संख्या ३९ टक्क्यांनी घटली, हे अशा सामान्य जातींच्या मोजणीतूनच कळते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते मला पटे. यादी पुढे परगण्यातल्या पतंगांच्या नोंदी ठेवणाऱ्यांकडे जाई. रॉबिन पक्षी पेटीवर टपून बसलेला असल्याने पतंग ट्रेसकट दूरच्या झुडपांत नेऊन सोडावे लागत, आणि दवाने भिजलेल्या गवतातून जायचे ते काम दरवर्षी नव्या सदस्यांच्याच माथी येई.