मावशीच्या लग्नाची कॅसेट: सॉफ्टवेअर ठरलं एकदाचं

मंडळी, मावशीच्या लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी कोणत्या सॉफ्टवेअरने करायची, हा तीन आठवडे लांबलेला प्रश्न सुटला. 1994 सालची व्हीएचएस कॅसेट, ई-180 म्हणजे तीन तासांची, काठोकाठ भरलेली. मावशीच्या टीव्हीला डीव्हीडी प्लेअर जोडलेला आहे आणि तोच तिच्या हातात बसलेला आहे. तेव्हा डीव्हीडीच करायची, हे आधीपासून पक्कं होतं.

सुरुवातीला मी सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये होईल असं शोधत होतो आणि तिथेच वेळ गेला. विंडोज डीव्हीडी मेकर व्हिस्टा आणि 7 बरोबर यायचा, पुढे बंद झाला. अडोबी एन्कोर सीएस6 नंतर थांबलं. डाविंची रिझॉल्व्ह एडिटिंगला उत्तम, पण मेनूवाली डीव्हीडी बनवायची सोय त्यात नाही. शेवटी कापणं, एन्कोड करणं (म्हणजे डीव्हीडीला चालेल अशा फाइलमध्ये बदलणं) आणि मेनू अशी तीन कामं वेगळी केली आणि गाडी रुळावर आली.

कॅप्चर, म्हणजे कॅसेट चालवून कॉम्प्युटरवर उतरवणं, व्हर्च्युअलडबमध्ये, हफवाययूव्ही कोडेकने (कोडेक म्हणजे व्हिडिओ साठवायची पद्धत). फायली अवाढव्य होतात, पण या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. त्यामुळे अ‍ॅव्हिडेमक्समध्ये हव्या त्या फ्रेमवर कापता येतं आणि पुन्हा एन्कोड न करता सेव्ह होतं. कॅमेरा चालू राहून नुसती सतरंजी दिसत होती असे तुकडे काढले. उरले 2 तास 40 मिनिटं.

आता खरी गोष्ट. पहिली चाचणी डिस्क टीव्हीवर लावली. मंगलाष्टकं संपतात, "सावधान" होतं, अक्षता उडतात, आणि हवेतल्या अक्षता पुढे जाऊन मागे येत होत्या, पुन्हा पुढे. कॉम्प्युटरवर यातलं काहीच जाणवलं नव्हतं. कारण फील्ड ऑर्डर. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, सम ओळी आणि विषम ओळी, दोन वेगळ्या क्षणी टिपलेल्या. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि आधी कोणतं दाखवायचं ती फील्ड ऑर्डर. माझं कॅप्चर वरच्या फील्डपासून सुरू होत होतं आणि एन्कोड करताना मी खालचं आधी लावलं होतं. डीव्ही कॅमेऱ्याच्या टेपला खालचं आधी हेच बरोबर असतं, मी तीच जुनी सेटिंग उचलली होती. म्हणून माझ्या मते सॉफ्टवेअर निवडताना इफेक्ट किती हे नंतर बघा, व्हिडिओ इंटरलेस्ड (असा दोन फील्डांचा) तसाच ठेवून फील्ड ऑर्डर सांगता येते का हे आधी बघा. एन्कोडिंगला मी एफएफएमपेग घेतलं ते याचसाठी.

दुसरी अडचण जागेची. 4.7 जीबीच्या डिस्कवर 2 तास 40 मिनिटं म्हणजे आवाज धरून सेकंदाला जेमतेम 3.9 मेगाबिट. एफएफएमपेगचं पाल-डीव्हीडी टार्गेट व्हिडिओला 6 मेगाबिट धरतं, ते बसणारच नाही. डीव्हीडीच्या पूर्ण मापावर, 720 बाय 576 वर, बिटरेट (सेकंदाला वापरायचे बिट) उतरवला तर अक्षतांचे चौकोन झाले. कॅसेटचा दाणेदारपणाच सगळे बिट खाऊन टाकतो. मग 352 बाय 576 करून पाहिलं. डीव्हीडीच्या नियमात हे माप बसतं, आणि व्हीएचएसमध्ये आडवा तपशील तसाही त्याहून जास्त नसतो. व्हिडिओ सेकंदाला 3.5 मेगाबिट, आवाज एसी3 या डीव्हीडीच्या ध्वनी-प्रकारात 192 किलोबिट. अक्षतेचा दाणा न् दाणा सुटा दिसला! चाचण्या सगळ्या पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या डीव्हीडी-आरडब्ल्यूवर केल्या, म्हणजे डिस्क वाया जात नाहीत.

मेनू डीव्हीडीस्टायलरमध्ये. आधीच नियमात बसणारी फाइल असेल तर तिथे "कॉपी" निवडा, नाहीतर ते पुन्हा एन्कोड करत बसेल. मराठी अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये लिहून चित्र म्हणून पार्श्वभूमीला लावली, जोडाक्षरं शाबूत राहतात. सीमांतपूजन, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगत असे चॅप्टर केलेत.

एक चॅप्टर मात्र वेगळा ठेवलाय. पंगतीत आजोबा जिलबीचं ताट घेऊन येतात, कोणाला तरी आग्रह करतात आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतात. बारा सेकंद. ते हलताना दिसतात असं घरात दुसरं काहीच नाही. मेनूत पहिलं बटण त्याचंच आहे. रविवारी इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्रॅमवर कमी वेगाने अंतिम डिस्क लिहितोय, दोन प्रती.