पांढरा धूर

जून लागला होता, पाऊस अजून यायचा होता. धडगावच्या पलीकडून, नर्मदेकाठावरून लाँचवाल्या भाऊचा फोन आला. रेंजसाठी तो टेकडीवर चढला होता, त्यामुळे बोलणं तुटक. ‘दादा, लाँच पांढरा धूर टाकते. मेकॅनिक म्हणे हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागेल.’ हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधली सीलची पट्टी.

इंजिन उतरवायचं कुठे? काठापर्यंत धड रस्ता नाही, क्रेन तर लांबच. सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं गेली. तिथल्या पाड्यांना ही लाँच म्हणजे एसटी. चार दिवस ती बंद होती, म्हणून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर चढवावा लागत होता. हे ऐकल्यावर मी एकच विचारलं, ‘धुरासोबत मागून पाणी किती पडतं?’ म्हणाला, ‘थोडं थोडं.’

तिथेच मला पाणी ओढणाऱ्या पंपाची शंका आली. पंपावरच्या नावाच्या पट्टीचा फोटो मागवला, सुरतहून त्याचा इम्पेलर, म्हणजे आत फिरून पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, आणवला आणि शहाद्याहून पहाटे निघालो.

ट्रॅक्टरचा धूर ओळखणं सोपं असतं. काळा असेल तर डिझेल जास्त, हवा कमी किंवा लोड जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर पाणी. लाँचच्या इंजिनात मात्र गोम असते. नदीचं पाणी पंपाने ओढून हीट एक्स्चेंजरमधून फिरवतात, आतलं कूलंट गार करतात आणि शेवटी तेच पाणी सायलेन्सरच्या पाइपात सोडतात. धूर आणि पाणी एकाच तोंडातून बाहेर पडतात. म्हणजे पांढरं दिसतं तो धूर की वाफ, हे आधी ठरवायला हवं. बिघाड दोन्हींचे वेगळे, खर्चही वेगळा.

इंजिन चालू केलं. आधी काळा भपका, मग दाट पांढरं. मी मागच्या फळीवर पालथा पडलो आणि तोंड पाइपाजवळ नेलं. डोळे चुरचुरले नाहीत. कच्च्या डिझेलचा वास नाही, कूलंटचा गोडसर वासही नाही. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग नाही. पांढरं दोन-तीन हातांवर जाऊन विरत होतं. डिझेलचा धूर असा विरत नाही, पाण्यावर रेंगाळतो. डिपस्टिक काढली, ऑइल स्वच्छ, दुधाळ झालेलं नाही. कूलंटची पातळी बरोबर, बुडबुडे नाहीत. गॅस्केट शाबूत होतं. ही वाफ होती. पाइपातून पाण्याचा लोट फेकला जायला हवा, तिथे नुसती धार ठिबकत होती.

इंजिन बंद केलं. गाळणी साफ होती, व्हॉल्व्ह उघडा होता. पंपाचं झाकण खोललं. इम्पेलरच्या सहा रबरी पात्यांपैकी तीन बुडापासून तुटलेली, उरलेली वाकून कडक झालेली.

नवा इम्पेलर बसवून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. पण तीन पाती तुटली तर तीन तुकडे सापडलेच पाहिजेत. दोन पंपाच्या पुढच्या पाइपातच मिळाले. तिसऱ्यासाठी हीट एक्स्चेंजरचं टोपण काढावं लागलं. दीड तास गेला. नळ्यांच्या तोंडाशी रबराचा काळा तुकडा चिखलात रुतून बसला होता, करंगळीच्या नखाएवढा. चिमट्याने ओढला तेव्हा भाऊचा पोरगा ओरडला, ‘तीन!’

मी भाऊला विचारलं, ‘काय व्हयनं व्हतं भाऊ?’ उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा लाँच गाळात टेकली होती. बाहेर काढायला पंधरा मिनिटं रेस देत बसले. गाळाने पाण्याचं तोंड बुजलं आणि पंप कोरडा फिरला. त्या रबराला पाणीच वंगण, कोरडा पंप काही मिनिटांतच पाती खातो. इंजिन तापल्याचं कळलं का नाही? मीटरमागची वायर सुटून लोंबत होती. काटा कायम खाली, म्हणून सगळे निर्धास्त. याचा मला खरंच राग आला. शंभर माणसांचा जीव ज्या मीटरवर, त्याची वायर कुणी बघू नये?

मक्याची भाकर आणि उडदाची डाळ खाऊन पुन्हा चालू केलं. पाण्याचा लोट उसळला, पांढरं गेलं. पण गिअर टाकून रेस वाढवली की काळा धूर. डिझेल फवारणाऱ्या नोझलला हात लावायच्या आधी म्हटलं, पाण्याखालचा पंखा बघा. पोरगा विळा घेऊन बुडी मारून आला आणि नायलॉनच्या जाळ्याचा हातभर गुंडाळा वर फेकला. पंख्याच्या शाफ्टला घट्ट आवळलेला, म्हणून इंजिनावर लोड येत होता.

वायर जोडली. संध्याकाळच्या पहिल्या फेरीत मी सोबत गेलो. पोरगा मीटरसमोर उकिडवा बसला होता. ‘पंचाहत्तर... ऐंशी... ऐंशीच!’ पलीकडच्या पाड्याला लाँच टेकेपर्यंत तो ओरडून आकडे सांगत होता.